कोळव्याच्या शोधात जुना बाजार

मला एक कोळवं हवं होतं. धान्य मापायचं पितळी माप, चिपट्याच्या निम्म्या आकाराचं. सोलापुरात आमच्या आजोबांचं किराणा दुकान होतं. त्यातली शेर, मापटं आणि चिपटं ही तीन मापं घरात उरली आहेत. दोन निळव्यांचं एक कोळवं, दोन कोळव्यांचं चिपटं, दोन चिपट्यांचं मापटं आणि दोन मापट्यांचा शेर अशी ही उतरंड. तिच्यातली खालची दोन मापं कधी आणि कुठं गेली ते कुणालाच आठवत नाही. मेट्रिक मापांचा कायदा 1956 साली झाला आणि 1962 पासून ती मापं सक्तीची झाली. त्यानंतर ही सगळी जमात माळ्यावर गेली. सोलापुरात भांड्यांच्या दुकानात कोळवं मागितलं तर मुलानं स्टीलचं अर्धा लिटरचं माप काढून दिलं. तेव्हा ठरवलं की पुण्याच्या जुन्या बाजारातच बघावं.

बाजार बुधवारी आणि रविवारी भरतो. आहे मंगळवार पेठेच्या कडेला, पण सोयरीक मात्र दुसऱ्याच दोन वारांशी. शनिवारी सकाळच्या हुतात्मा एक्स्प्रेसनं पुण्यात आलो आणि नारायण पेठेत मावशीकडे उतरलो. मावशीचे यजमान पक्के पुणेकर. त्यांना बेत सांगितल्यावर ते वर्तमानपत्रातून मान वर न काढता म्हणाले, "तिथं आपल्याच घरातनं चोरीला गेलेली वस्तू आपल्यालाच विकत मिळते. लोकांना त्याचं कौतुक वाटतं." मावसभाऊ मात्र खूश झाला. तो भोसरीत एका वर्कशॉपमध्ये आहे आणि सुट्टीचा रविवार सापडला की जुन्या बाजारात जातो. तो म्हणाला, "दादा, आठला निघू. दहानंतर फक्त बघे येतात."

शनिवारची दुपार मी मुद्दाम राजा केळकर संग्रहालयात घालवली. जुन्या बाजारात जाणाऱ्या परगावच्या माणसानं आदल्या दिवशी इथं जावं असं माझं स्पष्ट मत आहे. दिनकर केळकरांनी 1920 च्या सुमारास वस्तू जमवायला सुरुवात केली आणि पुढं हा संग्रह वीस हजारांच्या वर गेला. लहानपणी गेलेल्या त्यांच्या मुलाचं, राजाचं नाव संग्रहालयाला आहे. तिथं राजेरजवाड्यांचं फार काही बघायला जाऊ नये. अडकित्ते बघावेत, दिवे बघावेत, अंघोळीला पाय घासायच्या वज्री बघाव्यात. रोज हाताळलेली वस्तू नेमकी कुठं झिजते, हे तिथल्या काचेआड नीट दिसतं. अडकित्त्याची मूठ बोटांच्या जागी गुळगुळीत होते, पात्याच्या खिळ्यापाशी सैल होते आणि नक्षी मधल्या भागात बुजते. कडेची नक्षी मात्र शाबूत राहते. झिजेलाही एक रीत असते. दुसऱ्या दिवशी बाजारात मला सगळ्यात उपयोगी पडलं ते हेच.

रविवारी सकाळी कुंभारवेशीच्या बाजूनं आत शिरलो. स्टेशनवरून येणाऱ्याला मेट्रोचं मंगळवार पेठ स्टेशन सोयीचं आहे. पुणे स्टेशनच्या पुढचंच, तिथून चालत येता येतं. गाडी घेऊन येऊ नये. लावायला जागा नसते, आणि असली तरी परत येईपर्यंत तिच्याभोवती कुणीतरी चादर पसरून बूट मांडलेले असतात.

बाहेरगावी बसून 'अँटिक मार्केट' ऐकलं की डोळ्यांसमोर ग्रामोफोन, झुंबरं, टोल्यांची घड्याळं येतात. प्रत्यक्षात पहिला बराच रस्ता कपडे, चपला, चार्जर, रिमोट, मिक्सरची भांडी, प्रेशर कुकरच्या शिट्ट्या आणि सायकलींच्या सीटा यांचाच होता. रिमोटचा एक मोठा ढीग होता आणि एक बाई घरून आणलेला तुटका रिमोट हातात धरून त्या ढिगातून त्याचा जोडीदार शोधत होती. असे लोक इथं जास्त. कुणाला स्टोव्हचा बर्नर हवा, कुणाला शिलाई मशीनचं शटल, कुणाला ठराविक मापाची बिजागरी. अँटिकवाले गिऱ्हाईक म्हणून आम्ही त्या गर्दीत अगदी थोडे होतो आणि कॅमेरा गळ्यात असल्यामुळे लांबून ओळखू येत होतो.

मावसभाऊ थेट हत्यारांच्या ओळीत गेला. या ओळीबद्दल मला जरा सविस्तर सांगायचं आहे, कारण जुन्या बाजाराचा खरा जीव मला तिथं दिसला. ताडपत्रीवर पाने, पक्कड, कानस, ड्रिलची पाती, टॅप, डाय, आणि जाडी-लांबी मोजायचे मायक्रोमीटर, व्हर्नियर. पिंपरी, भोसरी, हडपसर भागात एखादं वर्कशॉप बंद होतं, एखादा फिटर निवृत्त होतो, आणि त्याची पेटी भंगारवाल्यामार्फत इथं येते. गिऱ्हाईकही त्याच धंद्यातलं. कुणी भाव विचारत नाही, आधी वस्तू उचलतं. मावसभावानं एक व्हर्नियर उचलला, जबडे मिटले आणि उन्हाकडे धरला. मधून उजेडाची बारीक रेघ दिसली, म्हणजे जबडे नीट मिटत नव्हते. त्यानं काही न बोलता तो खाली ठेवला. दुसरा उचलला, मिटला, शून्याला शून्य जुळतं का ते पाहिलं, जबडा सरकवताना मध्ये कुठं अडकतो का ते अंगठ्यानं अजमावलं, मग म्हणाला, "काय देऊ?" विकणाऱ्यानंही त्याचा हात बघितला होता. आकडा आला तो पहिल्यांदाच रास्त आला. माझ्यासारख्याला त्यानं दुप्पट सांगितला असता, आणि त्यात त्याचं चुकलं असतं असंही मला वाटत नाही.

तिथं एक म्हातारे मिस्त्री भेटले. टापरिया कंपनीचा एक जुना पाना हातात घेऊन ते जबड्याच्या कडा बोटानं तपासत होते. मी विचारलं, नवा का घेत नाही? ते म्हणाले, "नवा घेतला तर पोरं नेतात. हा कोण नेणार नाही, आन् काम तेवढंच करतो."

हत्यारांच्या पुढं नाणीवाले. इथं मात्र परगावच्या माणसानं खिशावर हात ठेवावा, आणि हे फक्त पाकीटमारांमुळे सांगत नाही. पहिल्याच चादरीवर तांब्याचं जाडजूड नाणं होतं. एका बाजूला राम-सीता-लक्ष्मण-हनुमान, दुसऱ्या बाजूला ईस्ट इंडिया कंपनीचं नाव, 'यूकेएल वन आणा' आणि 1818 साल. विकणारा आवाज बारीक करून म्हणाला, "साहेब, हे पूजेत ठेवतात, दिल्लीला लाखाला जातं." असं नाणं कंपनीनं कधीच पाडलं नाही. ही अलीकडे पाडलेली टोकनं आहेत आणि देशभर फिरतात. याच जातीची दुसरी थाप म्हणजे तांदूळ ओढून घेणारं नाणं. जुनी नाणी आणि नोटा लाखांत विकत घेण्याच्या जाहिरातींमध्ये रिझर्व्ह बँकेचं नाव वापरलं जाऊ लागलं, तेव्हा 2021 मध्ये बँकेलाच लोकांना सावध करावं लागलं. मी मान हलवून पुढं गेलो. वाद घालण्यात अर्थ नसतो. त्याला ते खोटं आहे हे माझ्यापेक्षा चांगलं माहीत असतं.

पुढचा नाणीवाला वेगळा निघाला. मांडीवर छोटा डिजिटल काटा, एका डबीत चांदीचे रुपये. मी 1835 चा रुपया बघायला मागितला. चौथ्या विल्यमचा मुखवटा असलेला हा रुपया कंपनीच्या सगळ्या मुलखासाठी एकसारख्या पाडलेल्या नाण्यांतला पहिला. त्यानं तो काट्यावर ठेवला. अकरा ग्रॅम आणि वर साठ-बासष्टच्या आसपास. "झिजलाय जरा, पण खरा आहे. खोटा इतका भरत नाही," तो म्हणाला. मूळ वजन 11.66 ग्रॅम, म्हणजे बरोबर एक तोळा. सरकारी वजनाचा शेर ऐंशी तोळ्यांचा, म्हणून ऐंशी रुपये तागडीत टाकले की शेर भरायचा. खेड्यातल्या दुकानदाराकडे वजनं नसली तरी रुपये असायचे आणि त्यांच्यावर काम भागायचं, असं आजोबा सांगत. हे मी त्याला सांगितल्यावर त्यानं डबी माझ्यासमोर पूर्ण उघडली. 1911 चा पाचव्या जॉर्जचा रुपया त्यात होता. त्याच्या झग्यावरच्या पदकातला हत्ती लोकांना डुकरासारखा दिसला, ओरड झाली आणि पुढच्या वर्षी सरकारला चित्र सुधारावं लागलं. 1940 पासूनचे रुपये त्यानं वेगळ्या पिशवीत ठेवले होते, कारण त्यांत चांदी निम्मीच. ती पिशवी त्यानं स्वतःहून वेगळी दाखवली, त्यावरून माणूस सरळ आहे हे कळलं.

त्याच्याकडून मी शेवटी एक शिवराई घेतली. जाड तांब्याचा वेडावाकडा तुकडा, एका बाजूला 'राजा' आणि त्याखाली अर्धवट 'शिव', दुसऱ्या बाजूला 'छत्र'. अक्षरं अशी तुटकी असतात, कारण ठसा मोठा आणि तांब्याचा तुकडा लहान असायचा. सगळी अक्षरं गोलात नीट बसलेली स्वच्छ शिवराई स्वस्तात मिळाली तर दोनदा बघावं. साच्यात ओतलेल्या नकली नाण्याच्या कडेला जोडाची बारीक रेघ असते आणि अंगावर बुडबुड्यांची भोकं. ठोकून पाडलेल्या नाण्याला ती नसतात.

घड्याळांकडे फार वेळ दिला नाही, पण एक सांगून ठेवतो. एचएमटीची जनता आणि पायलट ही किल्लीची घड्याळं सध्या तरुण पोरांना हवी असतात. कंपनीचा घड्याळांचा कारखाना 2016 मध्ये बंद झाला आणि भाव वाढले. चादरीवर हिरव्या, केशरी, जांभळ्या तबकडीच्या जनता ओळीनं मांडल्या होत्या. त्यातल्या बहुतेक कंपनीतून तशा निघालेल्या नसतात. जुन्या यंत्रावर नवी रंगवलेली तबकडी बसवायचा हा धंदा आहे. घड्याळ चालतं, वेळ बरोबर दाखवतं, वाईट नाही. फक्त ते कंपनीनं बनवलेलं आहे असं समजून पैसे देऊ नयेत. ग्रामोफोनचंही तेच. लाकडी डबा, चकचकीत पितळी कर्णा आणि त्यावर कुत्र्याचं चित्र असलेला 'शंभर वर्षं जुना' ग्रामोफोन बहुधा गेल्या काही वर्षांत जुळवलेला असतो. खरी गंमत शेजारच्या खोक्यातल्या लाखेच्या तबकड्यांची होती. त्या जड, पडल्या की फुटतात, म्हणून ज्या शिल्लक आहेत त्या कुणीतरी जपलेल्या. एक पन्नाशीचे गृहस्थ गुडघ्यावर बसून एकेक तबकडी तिरकी धरून तिच्या रेघा तपासत होते. मी शेजारी बसलो तर जरा सरकले, पण बोलले नाहीत. संग्राहक असे असतात. दुसऱ्याला नेमकं काय हवं आहे हे कळेपर्यंत ते तोंड उघडत नाहीत.

मापं दिसली ती एका मोठ्या पितळी दुकानासमोर. दुकान म्हणजे टेम्पोच्या मागे लावलेल्या दोन फळ्या. शेर, मापटं, चिपटं, पायल्या, सगळं सोन्यासारखं चकाकत होतं. विकणारा म्हणाला, "हॉटेलवाले एकदम वीस-वीस नेतात. गावरान थाळीवाले. हायवेला बघा, प्रत्येक टेबलावर आपलंच माप आहे, चमचे ठेवायला." एका मुलीनं त्यातलं एक चिपटं पेन ठेवायला घेतलं. मी एक शेर हातात घेऊन आत बोट फिरवलं. आतून तळापर्यंत गोल गोल बारीक रेघा होत्या, मशीनवर फिरवून पत्रा दाबलेल्या भांड्याला असतात तशा. कडेवर शिक्का मारला होता, पण प्रत्येक मापावर तोच आणि त्याच जागी. खऱ्या मापांवर वेळोवेळी तपासणी होई, त्यामुळे शिक्क्यावर शिक्के चढलेले असतात, कुठं तिरके, कुठं अर्धे. ओठाची कड धान्य सपाट करण्याच्या काठीनं झिजलेली असते. इथं कड धारदार होती. मी भावही विचारला नाही. मावसभाऊ म्हणाला, "दादा, आता तू शिकलास."

याच ठिकाणी एक बारीक अंगाचा इसम शेजारी येऊन उभा राहिला. "जुन्या वस्तूंची आवड दिसते," म्हणाला आणि मोबाईलमध्ये एका दगडी मूर्तीचा फोटो दाखवला. देवळाचं नाव सांगितलं नाही, गाव सांगितलं नाही. "बघायला यायचं तर गाडी पाठवतो." अशा माणसाशी एक शब्दही बोलू नये. पुरावशेषांचा 1972 चा कायदा शंभर वर्षांहून जुन्या मूर्तींना लागू होतो, हस्तलिखितांना तर पंच्याहत्तर वर्षांपासूनच. नोंदणी लागते, देशाबाहेर नेता येत नाही. आणि देवळातनं उचललेली मूर्ती असली तर कायदा बाजूलाच राहिला, गावाच्या शिव्या आयुष्यभर घ्याव्या लागतात. खरंतर बहुतेक वेळा ती मूर्ती कुठल्यातरी शिल्पकारानं याच वर्षी घडवून तेजाबानं काळी केलेली असते. मी फोटोकडे पाठ केली. तो गर्दीत मिसळला तो पुन्हा दिसला नाही. वापरलेल्या मोबाईलच्या चादरींबाबतही मी हेच धोरण ठेवलं. पावती नाही, डबा नाही, आणि विकणाऱ्याला पासवर्ड माहीत नाही, तर तो फोन कुणाचा असेल हे सांगायला पोलीस लागत नाही.

कोळवं मिळालं ते उन्हाचा चटका बसायला लागल्यावर, बाजाराच्या जवळजवळ टोकाला. एक आजी छत्री रोवून बसल्या होत्या. पुढं वाड्याचं सामान: कड्या, कोयंडे, बिजागऱ्या, खुंट्या, दोन अडसर, अर्ध्या तुटलेल्या देवळीची चौकट. पेठांमधले वाडे पाडले जातात तसा हा माल निघतो. चांगलं सागवान आणि शिसवी खांब ठेकेदार आधीच उचलतात, उरलेलं लोखंड इथं येतं. त्या लोखंडाच्या ढिगात काळं पडलेलं एक लहान भांडं होतं आणि त्यात स्क्रू भरलेले होते. ओठ एका बाजूनं झिजलेला, कडेवर पुसट शिक्के एकावर एक.

"आजी, हे केवढ्याला?"

"कोणतं? स्क्रू? मूठभर दहा रुपये."

"भांडं."

त्यांनी माझ्याकडे, मग मावसभावाकडे आणि मग भांड्याकडे पाहिलं. गळ्यातला कॅमेरा त्यांनी आधीच पाहिला होता. "पाचशे."

"आजी, पाचशेला त्या टेम्पोवर नवं चकचकीत मिळतं."

"मग घ्या की चकचकीत. हे काळं कशाला घेता?"

याला उत्तर नव्हतं. मावसभावानं मध्ये तोंड घातलं, स्क्रूही घेतो म्हणाला, बोहनीचं झालं, दुपारचं झालं, असं करत गाडी तीनशेवर आली आणि तिथं अडली. मी म्हटलं, आधी मोजून बघतो, मग देतो. मी सोलापूरहून पिशवीत घरचं चिपटं घेऊन आलो होतो. मापाला माप लावून घ्यायचं, डोळ्यांच्या अंदाजावर नाही, एवढी आजोबांची शिकवण होती. जवळच एक फुटाणेवाला होता. त्याच्याकडून फुटाणे घेतले, कोळव्यात भरले, आजींच्याच एका बिजागरीनं वरून सपाट केले आणि चिपट्यात ओतले. पुन्हा भरले, पुन्हा ओतले. दुसऱ्यांदा चिपटं काठोकाठ भरलं, वर शीग चढली आणि बरेच फुटाणे आजींच्या पदरात सांडले.

"मोठं आहे," मी म्हणालो. "दोन कोळव्यांचं चिपटं व्हायला हवं. हे त्याच्या वर जातंय."

आजी पदरातले फुटाणे खात म्हणाल्या, "मग चांगलंच की. दुकानदाराचं नसेल, घरातलं असेल. घरचं माप मोठंच असतं."

मापाचा शेर गावोगाव थोडा वेगळा असायचा, एका तालुक्याचं कोळवं दुसऱ्या तालुक्याच्या चिपट्याला जुळायलाच पाहिजे असं नाही, हे मला माहीत होतं. पण फरक गावाचा वाटावा त्यापेक्षा जास्त होता. तरी शिक्के खरे होते, झीज खरी होती, आणि केळकर संग्रहालयात पाहिलेली झिजेची रीत इथंही होती: एका बाजूची गुळगुळीत कड. उजव्या हातानं काठी फिरवणाऱ्याची कड. तीनशे रुपये दिले. स्क्रू मावसभावाच्या खिशात गेले. आजींनी पैसे फोनपेवर घेतले. त्यांच्या ब्लाउजला पिन केलेला क्यूआर कोड हा त्या सबंध चादरीवरचा एकमेव नवा माल होता.

परतीच्या वाटेवर कसब्यातल्या तांबट आळीत शिरलो. तांब्यावर ठोके देत मठार काम करणारी घरं अजून आहेत तिथं, आणि आळीत शिरण्याआधीच आवाज येतो. एका ओट्यावर वयस्कर तांबट बसले होते. बंबाच्या बुडाला ठोके घालत होते. हात थांबेपर्यंत आम्ही थांबलो. मग मी कोळवं पुढं केलं.

त्यांनी आधी आत बघितलं, मग उलटं करून बूड बघितलं, मग नखानं आतल्या बाजूची एक रेघ खरवडली. काळ्याखाली पिवळ्या रंगाची दातेरी सांध दिसली. "जोड आहे बघा. पत्र्याला दात काढून एकात एक बसवायचे आणि वर डाक द्यायची. मशीनच्या भांड्याला जोड नसतो. जुनं आहे." किती जुनं, विचारलं तर हसले. "ते मी कसं सांगू? माझ्या वडिलांच्या हाताखालचं काम असं असायचं. मशीन यायच्या आधीचं, एवढंच धरा." कल्हई करून घ्यायची का विचारलं तर म्हणाले, कोरडं धान्य मोजायचं तर गरज नाही. आंबट काही ठेवणार असाल तरच कथलाचा हात द्यायचा. चिंचेनं घासू नका, शिक्के जातील, असंही बजावलं.

मग मी फरकाचं सांगितलं. दोन कोळवी भरली की चिपट्यात मावत नाहीत. त्यांनी चिपटं मागितलं. आमच्या घरचं, आजोबांच्या दुकानातलं. त्यांनी ते उलटं केलं आणि बुडावरून अंगठा फिरवला. मग आतून दोन बोटं घालून पुन्हा फिरवला.

"हे कुठलं?"

"सोलापूरचं. आमच्या दुकानातलं."

"कोळवं बरोबर आहे," ते म्हणाले. "हे चिपटं बारीक आहे. बूड आत घेतलंय."

"पडून पोचा आला असेल."

"पोचा कडेला येतो, आणि वेडावाकडा येतो. हे बघा, सगळीकडून सारखं आत गेलंय. लाकडी ठोकळ्यावर ठेवून बसवल्याशिवाय असं होत नाही." ते क्षणभर थांबले, बहुधा आमची अडचण ओळखून. "दुकानात चालायचं असं. सरळ करून देऊ का? दहा मिनिटांचं काम आहे."

मावसभाऊ आळीच्या भिंतीकडे तोंड करून हसत होता. मी तांबटांना नको म्हटलं. बूड सरळ करायचे पैसे द्यायचे नव्हते, पण तपासल्याबद्दल त्यांनी काही घ्यावं म्हणून आग्रह केला. त्यांनी चहावर भागवलं आणि चहाही स्वतःच मागवला.

ओट्यावर बसूनच सोलापूरला वडिलांना फोन लावला. कोळवं मिळालं, तीनशेला मिळालं, जुनं आहे, हे सांगितलं. त्यांना आनंद झाला. मग चिपट्याचं सांगितलं. तिकडून बराच वेळ फक्त पंख्याचा आवाज आला. मग ते म्हणाले, "आणि शेर? शेर नाही ना नेलास बरोबर?"

"नाही."

"बरं केलंस. तो घरीच राहू दे."